फ्रेमची पर्स बिजागरीपाशीच का सुटते?

खणाची किंवा पैठणीच्या काठाची छोटी पर्स, वर पितळी रंगाची फ्रेम, दोन गोळ्या एकमेकींवरून सरकून टक्‌ करून बसतात. लग्नसराईत हातोहात जाते आणि काही महिन्यांनी परत येते. तक्रार ठरलेली असते: ‘कोपऱ्यातून कापड बाहेर आलंय.’ कोपऱ्यातून म्हणजे बिजागरीच्या वरच्या एक-दीड इंचात. आणखी गोंद भरून दिला की थोड्या दिवसांनी पुन्हा तिथूनच सुटतं, आणि या खेपेला कापडावर गोंदाचा पिवळट डागही असतो.

ठाण्यात आणि नवी मुंबईत घरून पर्स शिवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. कुणाचा बचत गट आहे, कुणी नेरूळ-वाशीच्या सोसायट्यांमध्ये दिवाळीआधी टेबल लावतं. ‘ताई, गोंद कुठला वापरू?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. मी गोंदाचं नाव लगेच सांगत नाही म्हणून त्या जरा खट्टू होतात. मला आधी हवं असतं ते वेगळंच: सुटलेल्या जागी खाचेत काय उरलंय?

इथे बोलतेय ते खाचेच्या फ्रेमबद्दल. पत्रा यू आकारात वळवलेला असतो, त्या खाचेत कापडाचा काठ घालून आतून दोरी ठासायची. भोकांची, शिवून लावायची फ्रेम असते तिच्याबद्दल पुढे थोडं आहे.

आधी खाच वाचा

सुटलेला भाग मोबाइलच्या टॉर्चखाली धरा. खाचेतला धातू स्वच्छ, चकचकीत दिसतोय आणि गोंदाची सालपट कापडालाच चिकटून आलीय, तर गोंदाने धातूला पकडलंच नव्हतं. नव्या फ्रेमच्या खाचेत तेल किंवा पॉलिशचा थर राहिलेला असतो, त्याच्यावर काहीही लावा, ते सालीसारखं निघणार.

खाचेत कापडाचे धागे अडकून राहिलेत आणि पर्सचा काठ झिरमिळ्या झाल्यासारखा दिसतोय, तर गोंद निर्दोष. कापड उसवलंय. रेशीम आणि जर यांच्यात हे हमखास होतं.

गोंद वाळलाय, पण त्याच्यावर कापडाचा ठसाही उमटलेला नाही, म्हणजे कापड आणि धातू एकमेकांना टेकलेच नव्हते. खाच रुंद, भरण (कापड, अस्तर, दोरी) कमी.

बोटाला अजून चिकचिक लागते, तर गोंद वाळलाच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर असतो, आणि धातूच्या खाचेत कोंडलेल्या गोंदाला वाळायला एकच बारीक तोंड असतं.

बाहेरचं कापड सुटलं पण अस्तर जागेवर आहे, असंही दिसतं. मग दोन्ही थर काठाला एकत्र शिवलेले नव्हते. फ्रेममध्ये घालण्याआधी बाहेरचं कापड आणि अस्तर काठापासून ३ मिमीवर एका शिलाईने जोडून टाका. ती शिलाई खाचेत लपते.

आता दुसरी खूण, सुटलं कुठे. वरच्या मधोमध सुटलं तर बहुधा भरण कमी आहे. एका बाजूची अख्खी पट्टी निघाली तर धातू साफ नव्हता. आणि बिजागरीपाशी सुटलं, जे दहातल्या आठ वेळा होतं असं मी अंदाजाने म्हणेन, तर दोष कटिंगमध्ये आहे. हे बऱ्याच जणींना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बिजागरी: कटिंगचा प्रश्न

पर्स उघडताना फ्रेमचे दोन हात रिव्हेटभोवती, म्हणजे बिजागरीच्या खिळीभोवती, फिरतात. रिव्हेटवर अंतर शून्य, वर जाल तसं वाढतं. पर्स काटकोनात उघडली तर रिव्हेटच्या १ सेंमी वर दोन हातांमध्ये साधारण १.४ सेंमी अंतर पडतं, २ सेंमी वर २.८ सेंमी. या पट्ट्यात पुढचं आणि मागचं कापड एकमेकांपासून मोकळं असायला हवं.

आता बाजूची शिलाई कुठपर्यंत आहे ते बघा. ती रिव्हेटच्या १ सेंमी वर गेलेली असेल तर तिथे दोन्ही कापडं एकमेकांना शिवलेली आहेत, आणि फ्रेम त्यांना १.४ सेंमी दूर ओढतेय. कापड ताणणार नाही, पत्रा वाकणार नाही. उरतो गोंद. प्रत्येक उघडझापीला त्याच अर्ध्या इंचावर हिसका बसतो. याच्यापुढे कुठलाच गोंद टिकत नाही, महागडाही नाही.

म्हणून बाजूची शिलाई रिव्हेटच्या खाली संपली पाहिजे. मी साधारण पाव इंच खाली थांबवते आणि तिथे उलटसुलट शिलाई मारून पक्कं करते, कारण आता ताण त्या टोकावर येतो. याहून फार खाली नेऊ नका. पाऊण इंच खाली थांबवलीत तर बाजूला फट पडते आणि सुट्टे पैसे, कानातलं, सगळं त्यातून गळतं. जाड कापडाला पाव इंचापेक्षा किंचित जास्त लागतं, पातळ रेशमाला तेवढंच पुरतं.

दुसरी गोष्ट घेर. पुष्कळ जणी फ्रेम कागदावर ठेवून आखतात आणि रिव्हेटपासून बाजूची रेघ सरळ खाली सोडतात. मग पर्स फ्रेमएवढीच रुंद होते, आत हात घालायचा तर कापड ताणूनच घालावा लागतो. रेघ रिव्हेटपासून बाहेरच्या बाजूला तिरकी न्या. हातात मावणाऱ्या पर्सला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच वाढवलं तरी चांगलाच फरक पडतो. फोन ठेवायची पर्स असेल तर त्याहून जास्त वाढवा, किंवा तळाला बॉक्स कोपरा द्या, म्हणजे कोपरा आडवा शिवून तळाला रुंदी द्या.

तिसरी, काठाची लांबी. एक दोरा खाचेत आतून रिव्हेटपासून रिव्हेटपर्यंत बसवा, दोन्हीकडे खूण करा, सरळ करून मोजा. तेवढीच लांबी कागदी खाक्याच्या वरच्या काठाची आली पाहिजे. टेप काठावर उभी धरून मोजली तर वळणावर चूक होत नाही. काठ ३-४ मिमी आखूड असला तरी तो ओढून बसवला जातो आणि ओढलेलं कापड पहिल्यांदा टोकाला सरकतं, म्हणजे पुन्हा बिजागरीलाच. थोडं जास्त असलं तर चालतं. वळणावर बारीक चुण्या घालून ते जिरवता येतं, खणाच्या पर्सला त्या शोभतातही.

खाच भरली पाहिजे

या सांध्याचं खरं काम दाब करतो. धातू, कापड, अस्तर, दोरी आणि समोरचा धातू एकमेकांवर घट्ट बसले की पकड तयार होते, गोंद ती फक्त हलू देत नाही. म्हणून गोंदाशिवाय कोरडी बसवून बघायची सवय लावा. कापड खाचेत घाला, दोरी ठासा आणि कापड दोन बोटांत धरून हलकेच खेचा. अलगद निघालं तर दोरी जाड हवी किंवा काठाला एक थर वाढवायला हवा. दोरी आत जातच नसेल, तर थर कमी करा. बोटाला विरोध जाणवेपर्यंत गोंदाच्या बाटलीचं झाकण उघडू नका.

जाडी जास्त होण्याचं नेहमीचं कारण फोम. पर्सला अंग यावं म्हणून फोम किंवा जाड बकरम लावतात आणि तो काठापर्यंत जातो. मग खाचेत फोम दाबला जातो, त्या दिवशी घट्ट वाटतो, पण फोमला परत फुगायचं असतं, तो हळूहळू सगळं बाहेर ढकलतो. फोम काठापासून पाव ते पाऊण सेंमी आधीच कापून टाका. खाचेत फक्त कापड, पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने मागून चिकटवायचं अस्तर) आणि अस्तर जाऊ द्या.

फ्यूजिंग मात्र काठापर्यंत हवंच, रेशमाला तर नक्की. इस्त्रीने चिकटवलेल्या फ्यूजिंगमुळे धागे एकमेकांना धरून राहतात. पैठणीचा तुकडा असेल तर काठावर बारीक झिगझॅगही मारा. जुन्या साडीचा काठ वापरत असाल तर आधी तो दोन बोटांत ताणून बघा. विरलेलं रेशीम फ्यूजिंग लावून दिसायला ठीक होतं, पण खाचेच्या कडेवर रेषेत चिरतं. अशा कापडाचा सन्मान करा, त्याची पर्स न करता फ्रेम करून भिंतीवर लावा.

खणाचं कापड उरेप, म्हणजे धाग्याला तिरकं, कापलेलं असेल तर काठ ताणतो आणि मोजमाप फसतं. उभ्या-आडव्या धाग्यावरच कापा. नक्षी तिरकी हवीच असेल तर फ्यूजिंग लावल्यावर कापा.

दोरीबद्दल: कागदाची पिळलेली दोरी सगळ्यात उत्तम. गोंद शोषते, थोडी फुगते, धातूवर घसरत नाही. जपानमध्ये गामागुची म्हणून अशा पर्स करतात, तिथेही कागदी दोरीच ठासतात. काही विक्रेते फ्रेमबरोबर ती देतात. नाही मिळाली तर पायपिंगची सुती दोरी वापरा. नायलॉनची दोरी टाळा, ती गुळगुळीत असते आणि गोंद पीत नाही. दोरी नेहमी अस्तराच्या बाजूने, आतून ठासायची. बाहेरून ठासली तर फ्रेमच्या काठाशी दिसत राहते.

आता गोंद

खाच तयार करायला दोन मिनिटं लागतात. पॉलिश पेपरची पट्टी दुमडून खाचेच्या आत घासा, २२० नंबरचा पुरतो. मग कापसाला स्पिरिट लावून पुसा आणि वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यात बरेचदा तेल घातलेलं असतं आणि सोनेरी फ्रेमवरचा लॅकर त्याने निघतो.

झटपट चिकटणारा गोंद, ज्याला बोटं चिकटतात तो, या कामाला वाईट. कडक आणि ठिसूळ होतो, उघडझापीला तडकतो, कापडात झिरपून ते पत्र्यासारखं करतो, आणि दमट हवेत आजूबाजूच्या धातूवर पांढुरकी भुकटी धरतो. ग्लू गनची कांडी उष्णतेने मऊ होते. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली पर्स उघडली तर फ्रेम हातात आणि पिशवी सीटवर, असं होऊ शकतं. लाकडाला लावायचा पांढरा गोंद पाण्यात असतो, ते पाणी धातूच्या खाचेतून लवकर जात नाही, आणि फ्रेम लोखंडी असेल तर कापलेल्या कडांना गंज धरतो. तांबूस गंज मोतिया रंगाच्या रेशमावर उतरला की तो जात नाही.

मी रबराचा पिवळा गोंद वापरते, पण बाटलीवर लिहिल्याप्रमाणे नाही. तिथे लिहिलेलं असतं की दोन्ही बाजूंना लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दाबा. चामडं चामड्यावर चिकटवायला ते बरोबर आहे. खाचेत मात्र कापड सरकवून जागेवर आणावं लागतं, आणि दोन्हीकडे अर्धवट वाळलेला गोंद टेकताक्षणी धरतो, मग मध्य चुकला की चुकलाच. म्हणून गोंद फक्त खाचेत, तळाशी आणि दोन्ही भिंतींना, टूथपिकने पातळ लावायचा आणि ओला असतानाच कापड घालायचं. वेळ थोडा असतो, त्यामुळे एका वेळी एकच बाजू. ती पक्की झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. कापडावर गोंद कधीच लावू नका. पातळ रेशमातून तो बाहेर उमटतो.

खिडकी उघडी ठेवा आणि गॅसच्या शेगडीजवळ हे काम करू नका. या गोंदातलं द्रावण पेट घेतं, आणि बंद खोलीत त्याच्या वासाने डोकं धरतं.

क्रम असा. फ्रेमच्या मधोमध दोरा बांधा, कापडाच्या मध्यावर बारीक कापाची खूण करा. मध्य मध्यावर बसवा. मग दोन्ही टोकं रिव्हेटपाशी बसवा. राहिलेलं कापड मधल्या भागात सारखं वाटून बोथट स्क्रूड्रायव्हरने खाचेत ढकला. टोकदार वस्तूने ढकललंत तर खाचेच्या कडेवर कापडाला भोक पडतं. शेवटी दोरी, तीही मध्यापासून टोकांकडे. दोरी रिव्हेटच्या जरा अलीकडे संपवा, नाहीतर बिजागरी नीट मिटत नाही.

पर्स अर्धवट उघडी ठेवून वाळू द्या, म्हणजे खाचेला हवा लागते आणि रिव्हेट गोंदाने धरत नाही. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन. गिऱ्हाईक घाई करत असेल तर करू द्या.

वाळल्यावर चारही टोकांना पक्कड. रिव्हेटपासून अर्ध्या सेंमीवर, आतल्या बाजूने, मध्ये चामड्याचा तुकडा किंवा घडी केलेलं कापड घालून खाच हलकेच आवळा. बऱ्याच जणी हे टाळतात, कारण पक्कड घसरली की मुलामा ओरखडतो. पण सगळ्यात जास्त ओढ पडते ती याच चार जागी. फ्रेमच्या मधल्या भागात पक्कड लावू नका, पत्रा लाटेसारखा दिसतो.

फ्रेम विकत घेताना

ठाण्यात जांभळी नाक्याला थोडाफार माल मिळतो, पण निवड करायची तर सेंट्रलची लोकल पकडून मस्जिदला उतरायचं किंवा भुलेश्वर गाठायचं. जाताना पर्समध्ये कापड, फ्यूजिंग, अस्तर यांचा शिवलेला तुकडा आणि बोटभर दोरी ठेवा. दुकानातच खाचेत घालून बघा. स्वस्त फ्रेममध्ये खाच एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला सैल असते, ते डोळ्यांना कळत नाही, तुकडा घातला की कळतं. दुकानदार ‘सब एक ही माल है’ म्हणेल. असू दे, तुकडा घालाच. छोटं लोहचुंबकही ठेवा. जोरात चिकटलं तर पत्रा लोखंडी, त्याला पाण्याचा गोंद वर्ज्य. रिव्हेट बोटाने डुगडुगवून बघा आणि फ्रेम मिटून दोन्ही हात समोरासमोर येतात का तेही. वाकडी फ्रेम कुठलंही कापड बाहेर फेकते.

साखळी फ्रेमच्या कड्यांना लावायची असेल तर जरा थांबा. खांद्याला लटकवलेल्या पर्समध्ये सगळं वजन कापडावरून खाचेत आणि खाचेतून साखळीवर जातं. फोन, पॉवर बँक, चाव्या मिळून अर्धा किलो सहज होतं. तेवढं चिकटवलेल्या फ्रेमवर टाकू नका. कड्या बाजूच्या शिलाईत पट्टी घालून पर्सच्या अंगाला लावा, किंवा सरळ भोकांची फ्रेम घ्या.

भोकांच्या फ्रेममध्ये सुटतो तो दोरा. पत्रा ठोकून पाडलेल्या भोकाच्या मागच्या बाजूला धार राहते आणि ती दोऱ्याला करवतीसारखी कापते. बारीक कानस किंवा पिळलेला पॉलिश पेपर प्रत्येक भोकातून फिरवा. मेण लावलेला नायलॉनचा दोरा घ्या, मागे टाका घालत दोनदा शिवा. झालं.

चामड्याच्या पर्सला काठ रापीने (चामडं छिलायच्या सुरीने) छिलून पातळ करावा लागतो. धारावीत छिलून मिळतं. घरी केलंत तर आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा. रेक्झिनचं वेगळंच दुखणं आहे. गोंद वरच्या थराला धरतो आणि तो थरच खालच्या कापडावरून सुटतो. खाचेत जाणारा तेवढा भाग घासून खालचं कापड उघडं करा. पीयूचं (पॉलियुरेथेनच्या थराचं) रेक्झिन दमट हवेत काही वर्षांनी आपोआप सोलतं, त्याला इलाज नाही. ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

परत आलेल्या पर्सचं काय

फक्त टोक सुटलंय म्हणून तेवढंच भरायचा मोह होतो. आधी बाजूची शिलाई बघा. ती रिव्हेटच्या वर असेल तर उसवून खाली आणा, टोक पक्कं करा, मगच पुढचं. त्या बाजूची दोरी टाचणीने उपसून काढा. रबराचा गोंद आणि ग्लू गनचा गोंद हेअर ड्रायरच्या गरम हवेने मऊ होतो, मग बोथट सुरीने खरवडता येतो. झटपट गोंद शुद्ध ॲसिटोनने सैल होतो, पण ते कापडाच्या आतल्या कोपऱ्यावर आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून आधी बघा, काही कृत्रिम रेशमं त्यात विरघळतात. दोन भागांचा इपॉक्सी कुणी लावलेला असेल तर खाच साफ करण्यात वेळ घालवू नका, नवी फ्रेम लावा.

काठ उसवलेला असेल तर तो कापून सरळ करावा लागेल, म्हणजे पर्स थोडी उथळ होणार. काठ कापला की बाजूच्या शिलाईचं टोकही रिव्हेटच्या तेवढंच जवळ येतं, ते पुन्हा खाली घ्यायला विसरू नका. कापायला जागाच नसेल तर काठाला त्याच रंगाची पातळ पट्टी जोडा. खाचेच्या बाहेर तिची एक बारीक रेघ दिसेल. जरीची पट्टी घेतली तर ती मुद्दाम घातल्यासारखी वाटते.

परत देण्याआधी पर्समध्ये अर्धा किलोची साखरेची पुडी ठेवा, फ्रेमला धरून उचला आणि पूर्ण उघडून-मिटून बघा, पाच-पंचवीस वेळा. बिजागरीपाशी कापडाची रेघ खाचेतून जराही खाली सरकलेली दिसली तर शिलाई अजून वर आहे किंवा फ्रेमचा हात पिळलाय. फ्रेम सपाट फरशीवर ठेवा. एक कोपरा डुगडुगत असेल तर हात पिळलेला आहे, तो सरळ करायच्या खटपटीत रिव्हेट ढिलं होतं. अशी फ्रेम बदलूनच टाका आणि बदलीचे पैसे घ्या.